परदेशप्रवासातील द्रव्यव्यवस्था

परदेशप्रवासातील द्रव्यव्यवस्था : स्वतःचे चलन जेथे चालत नाही अशा प्रदेशात गेलेल्या प्रवाशाला तेथील चलनात रोख रक्कम मिळावी, यासाठी योजिलेली साधने व संस्था. हुंडी, पतपत्र, प्रवासी धनादेश, तारेने वा डाकेने पाठविलेली रक्कम, चलनबदल करणाऱ्या पेढ्या आणि रोकडयंत्रात चालणारी कार्डे ही यांतील प्रमुख साधने होत. रोख रक्कम जवळ बाळगून नेणे हा सर्वांत जुना मार्ग. तथापि चोरी, लूट आणि अनोळखी सराफाकडून होणारी नागवणूक यांमुळे तो नेहमीच नाइलाजाचा मानला गेला. त्याला पर्याय म्हणून निघालेल्या बहुतेक साधनांत पैसा प्रत्यक्षात फारसा हलत नाही. घरच्या गावी एकाने रक्कम घ्यावयाची, दूरच्या गावी दुसऱ्याने ती द्यावयाची आणि त्या दोघांनी आपापसांतील हिशेब मागाहून पुरा करावयाचा, हे त्यांचे समान तत्त्व आहे. काळानुसार बदलत गेल्या त्या इतर गोष्टी : वाटेतील जोखीम कोणी सोसावयाची, प्रवाशाची ओळख कशी पटवावयाची, विनिमयाचा दर कोणी व केव्हा ठरवावयाचा आणि राज्यसंस्थेने या व्यवहाराला कितपत मुभा द्यावयाची. या सोयीचा खर्च रकमेच्या प्रमाणात मात्र क्वचितच पडतो. थोडी रक्कम नेणाऱ्या प्रवाशाला ती सर्वांत महाग पडते, असे जुन्या व नव्या दोन्ही काळांत आढळते.

हुंडी : महाराष्ट्रातून काशी, प्रयाग, रामेश्वर आदी ठिकाणी जाणारे यात्रेकरू निघण्यापूर्वी आपल्या गावच्या सावकाराकडे रक्कम भरून मुक्कामाच्या गावावरील हुंडी घेत. पेशवाईत व त्यानंतरही काही काळ अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना प्रकारचे रुपये चालत आणि एका प्रांतातील रुपया दुसऱ्या प्रांतात बट्टा दिल्याशिवाय कोणी घेत नसे. त्यामुळे एकाच राज्यसत्तेखाली प्रवास करणाऱ्यालाही परचलनाचा प्रश्न पडे. वाटेची असुरक्षितता हे हुंडी घेण्याचे दुसरे कारण. वरसईचे विष्णुभट गोडसे हे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडले व तेथे लुबाडले गेले. त्यांच्या माझा प्रवास या वृत्तांतावरून (प्रकाशन १९०७) रोकड अंगावर बाळगणे म्हणजे काय, याची कल्पना येते.

प्रवाशाच्या दृष्टीने दर्शनी हुंडी सोयीची, कारण ती दाखविताच पैसे मिळत. मुदती हुंडीचे पैसे ठरलेले दिवस भरल्यावर मिळत. ओळखीचा प्रश्न हुंडीच्या प्रकारांतून सोडविला जाई. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारातील प्रतिष्ठित सावकारामार्फतच मिळत, त्यामुळे ती चोराच्या हाती पडली तरी त्याला सहजी वटविता येत नसे. नामजोग हुंडीत पैसे घेणाऱ्याचे नाव असे व कधी कधी त्याच्या अंगलटीचे वर्णनही लिहीत. रकमेत खाडाखोड होऊ नये म्हणून ती अक्षरी लिहून शिवाय ‘निमे इतके, त्याचे दुप्पट’ असे नमूद करण्याची चाल होती. हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’ आणि तीही हरवल्यास ‘परपेठ’ अशा प्रती देण्यात येत. प्रवासी धनादेशाचा जो गुण विसाव्या शतकात जाहिरातींतून गाजला, तो येथे आधीपासूनच होता, ही गोष्ट या विषयावरील पाश्चात्त्य लेखनात बहुधा दुर्लक्षिलेली दिसते. पैसे दिले की हुंडी सकारली असे म्हणत आणि तो कागद ‘खोखा’ होऊन लिहिणाऱ्याकडे परत येई.

हुंडीसाठी द्यावा लागणारा मोबदला म्हणजे हुंडणावळ. ती यात्रेकरूच्या रकमेवरून नव्हे, तर व्यापाराच्या ओढीवरून ठरे. सोलापूरच्या व्यापाऱ्यांना मुंबईत देणी द्यावयाची असतील, तर मुंबईवरील हुंडीला मागणी वाढून हुंडणावळ चढे; उलट कापसाच्या हंगामात मुंबईचा पैसा देशावर येऊ लागला, की मुंबईवरील हुंडी स्वस्त पडे. आपली रक्कम व्यापाराच्या उलट दिशेने नेणारा यात्रेकरू फायद्यात राही. मात्र यात्रेचा मुहूर्त हुंडणावळ पाहून काढता येत नसे. [⟶ हुंडी].

हाली आणि कलदार : परचलनाचा प्रश्न समुद्र ओलांडणाऱ्यालाच पडतो, असे नाही. सोलापूर जिल्ह्यातील लोकांना तो विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एका दिवसाच्या वाटचालीवर पडत असे. जिल्ह्याच्या पूर्वेस व ईशान्येस निजामाच्या हैदराबाद संस्थानाची हद्द होती. संस्थानचे स्वतःचे नाणे होते, स्वतःची टपाल तिकिटे होती आणि सीमेवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते. तेथील रुपयाला ‘हाली सिक्का’ किंवा उस्मानिया सिक्का म्हणत. त्यावर पुढील काळात चारमिनारचे चित्र आले आणि १९१८ पासून संस्थानच्या नोटाही निघू लागल्या. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणत. हाली रुपयात चांदी कलदारापेक्षा कमी असे. सहा कलदार रुपये म्हणजे सात हाली रुपये, हा स्थिरावलेला दर. म्हणजेच शंभर कलदारांचे एकशे सोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पै होत. हा दर आरंभापासून असा नव्हता. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये आपल्या टांकसाळी चांदीच्या खाजगी टंकनास बंद केल्यावर दोन्ही नाण्यांचा जुना मेळ बिघडला व पुढे संस्थान सरकारला आपल्या नाण्याचा भाव सांभाळण्यासाठी राखीव निधी ठेवावा लागला.

ही सीमा तीर्थयात्रेच्या वाटांना आडवी जात होती. तुळजापूर सोलापूरपासून सुमारे ४५ किमी. आहे. आश्विन पौर्णिमेस सोलापुराहून हजारो भाविक तेथे पायी जातात. तुळजापूरचा प्रदेश १८५३ ते १८६० या काळात ब्रिटिशांकडे होता व त्यानंतर तो पुन्हा निजामाकडे गेला. म्हणजे देवीच्या दर्शनाला निघालेला सोलापूरकर चलनाच्या दृष्टीने परराज्यात जात असे. गुलबर्गा येथील बंदे नवाज यांच्या उरुसाला जाणाऱ्यांची गोष्टही तीच. उलट दिशेने मराठवाड्यातील वारकरी आषाढी-कार्तिकीला पंढरपुरास येत, ते हाली सिक्का घेऊन. कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तिचा फाटा १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत आणि १९११ मध्ये संस्थानातील लातूरपर्यंत पोहोचला. त्यामुळे दोन चलनांत हिशेब ठेवणे हे बार्शीच्या व्यापाऱ्याला रोजचे झाले.

मोठ्या रकमांसाठी सहास सात हा दर जवळपास पाळला जाई. किरकोळ प्रवाशाचे गणित निराळे होते. एका कलदार रुपयाला एक हाली रुपया, दोन आणे, आठ पै मिळावयाचे. ही फोड आण्यात नीट बसत नाही. चार आण्यांचा नारळ, दोन आण्यांची फुले असा खर्च करणाऱ्या यात्रेकरूस प्रत्येक वेळी पै-पैचा हिशेब करणे शक्य नव्हते, आणि अशा वेळी उरलेली मोड साहजिकच दुकानदाराच्या किंवा सराफाच्या पदरात पडे. शिवाय परतताना उरलेला हाली सिक्का पुन्हा कलदारात बदलावा लागे व दुसऱ्यांदा वटाव द्यावा लागे. रकमेच्या मानाने पाहता हा भुर्दंड व्यापाऱ्यापेक्षा यात्रेकरूवर कितीतरी अधिक होता.

सोलापूरच्या कापड धंद्यातील तेलुगू भाषक विणकरांना हा प्रश्न उलट बाजूने भेटे. सोलापुरातील पहिली मोठी सूतगिरणी १८७७ मध्ये उभी राहिली. गिरण्या आणि हातमाग यांच्या आधाराने तेलंगणातून पद्मशाली कुटुंबे मोठ्या संख्येने येथे येऊन स्थायिक झाली. मजुरी कलदारात मिळे. गावाकडचा सारा, देणे आणि घरखर्च हाली सिक्क्यात असे. कलदाराचे हाली केले की आकडा फुगे, पण त्या फुगवट्यात खरी प्राप्ती नव्हती. बोली कोणत्या रुपयात झाली, हे त्यामुळे दर व्यवहारात आधी स्पष्ट करावे लागे.

राजकीय संघर्षात चलनाची सीमा किती तीव्र होऊ शकते, हे १९४७-४८ मध्ये दिसून आले. भारताशी जैसे-थे करार झाल्यानंतर लवकरच हैदराबाद सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात अविधिग्राह्य ठरविले आणि मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर बंधने घातली. हा कराराचा भंग असल्याची तक्रार भारत सरकारने केली. त्याच सुमारास रझाकारांच्या अत्याचारांमुळे सीमेपलीकडील अनेक कुटुंबे सोलापूर जिल्ह्यात आश्रयास आली. राज्य आपल्या शेजाऱ्याचे नाणे नाकारू लागले, की सामान्य माणसाने गाठीला बांधून आणलेल्या रकमेचे मोल बाजाराच्या मर्जीवर राहते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईत भारतीय सैन्याची मुख्य चाल सोलापूर–नळदुर्ग मार्गानेच झाली. त्यानंतर १९५० मध्ये तेथे भारतीय रुपया आला. हाली सिक्का मात्र त्याच्या जोडीने काही वर्षे चालत राहिला व १९५९ मध्ये तो रद्द झाला. संस्थानचे चलन सांभाळण्यासाठी १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक १९५६ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला गोव्यातही असेच होते. तेथे बँको नॅशिओनाल उल्ट्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या रुपिया नोटा चालत. १९५९ मध्ये एका रुपियास सहा एस्कुदो या दराने एस्कुदो हे चलन आले आणि मुक्तीनंतर, १९६२ मध्ये, त्याची जागा भारतीय रुपयाने घेतली.

पतपत्र व प्रवासी धनादेश : यूरोपात धनिक प्रवासी आपल्या बँकेचे पतपत्र घेऊन निघत. त्यात अमुक मर्यादेपर्यंत या गृहस्थास पैसे द्यावेत, अशी विनंती परगावच्या ठरावीक बँकांना केलेली असे. दिलेली प्रत्येक रक्कम पत्राच्या पाठीवर नोंदली जाई. हे साधन सुरक्षित, पण संथ होते. बँक उघडी असावी लागे, सही ताडून पाहावी लागे आणि लहान गावात त्याचा उपयोग नसे. लंडनचे सावकार रॉबर्ट हेरीस यांनी १७७२ मध्ये ठरावीक रकमेच्या छापील ‘परिपत्रित नोटा’ काढल्या; त्या यूरोपातील नव्वद शहरांत वटत. टॉमस कुक कंपनीने अशाच नोटा १८७४ च्या सुमारास आपल्या प्रवाशांसाठी सुरू केल्या. या कंपनीची मुंबईची कचेरी १८८१ मध्ये उघडली आणि पुढे त्याच दशकात हिंदुस्थान सरकारने हज यात्रेकरूंच्या वाहतुकीचे कामही काही वर्षे तिच्याकडे दिले होते.

प्रवासी धनादेशाचे आजचे रूप अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीतील मार्सेलस बेरी यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले. कंपनीचे अध्यक्ष जे. सी. फार्गो यांना यूरोपच्या दौऱ्यात पतपत्र असूनही मोठ्या शहरांबाहेर पैसे मिळविताना पडलेला त्रास हे त्याचे निमित्त. बेरींची युक्ती साधी होती : घेताना एक सही, वटविताना देणाऱ्यासमोर दुसरी सही. दोन्ही जुळल्या की पुरे. ओळखीसाठी सावकाराची, शाहाची किंवा बँकेतील नमुना सहीची गरज उरली नाही व उपाहारगृहेसुद्धा धनादेश घेऊ लागली. हरवलेल्या धनादेशांची भरपाई मिळे. पहिल्या धनादेशांवर निरनिराळ्या देशांच्या चलनात किती रक्कम मिळेल, हे छापलेलेच असे. सुवर्णपरिमाणामुळे दर स्थिर होते म्हणून ते शक्य झाले. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच यूरोपात अनेक बँकांनी पतपत्रे नाकारली आणि हजारो अमेरिकन प्रवासी अडकून पडले. त्यानंतर दरांचे छापील आश्वासन देण्याचे दिवस संपले.

प्रवासी धनादेश विकणाऱ्या संस्थेचा नफा दलालीत कमी आणि मधल्या काळात अधिक असतो. धनादेश घेतल्यापासून तो वटेपर्यंत प्रवाशाची रक्कम संस्थेकडे बिनव्याजी राहते. उरलेले धनादेश पुढच्या प्रवासासाठी कपाटात ठेवणारा काटकसरी प्रवासी हा या धंद्याचा सर्वांत फायदेशीर ग्राहक होय. भारतीय स्टेट बँकेचे रुपयांतील प्रवासी धनादेश देशांतर्गत प्रवासातही वापरले जात. एकविसाव्या शतकात कार्डांच्या प्रसारामुळे ही सर्व धनादेश-पद्धती जवळजवळ व्यवहारातून गेली आहे. पूर्वी विकले गेलेले अमेरिकन एक्स्प्रेसचे धनादेश मात्र अजूनही वटतात.

दीर्घकाळ परदेशी राहणाऱ्या विद्यार्थ्याला या साधनांपेक्षा नियमित येणारी रक्कम अधिक महत्त्वाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले, ते बडोदे संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्ती पौंडांत, खर्च डॉलरांत आणि घरची ओढगस्त रुपयांत, असा तीन चलनांचा मेळ होता. त्या वेळच्या सुवर्णाधिष्ठित दराने साडेअकरा पौंडांचे सुमारे ५६ डॉलर होत. दर स्थिर असल्याने निदान एवढी रक्कम गृहीत धरता येई. अशी निश्चिती पुढील पिढ्यांतील विद्यार्थ्यांना लाभली नाही.

कोणतेच साधन लागू पडत नाही, असेही प्रदेश असतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि पुढे उत्तर चीनमधील शान्सी–चाहार–होपे सीमाप्रदेशात त्यांनी काम केले. या प्रदेशाची स्वतंत्र बँक त्याच वर्षी स्थापन झाली होती व ती स्वतःच्या नोटा काढी; शत्रूच्या ताब्यातील शहरांत त्या नोटा बाळगणे धोक्याचे होते. तेथे मुंबईवरील हुंडी किंवा लंडनचे पतपत्र यांचा काहीच उपयोग नव्हता. अन्न, वस्त्र, निवारा यांची व्यवस्था यजमान सैन्याने करावयाची, हाच तेथील मार्ग.

विनिमय-नियंत्रण : दुसरे महायुद्ध सुरू होताच, सप्टेंबर १९३९ मध्ये, भारतात परकीय चलनावर नियंत्रण आले. युद्धानंतर ते उठले नाही. १९४७ च्या व नंतर १९७३ च्या परकीय चलन विनियमन कायद्यांनी ते पक्के झाले. परकीय चलनाची गंगाजळी तुटपुंजी असल्याने यंत्रसामग्री, धान्य व इंधन यांना प्राधान्य मिळाले आणि खाजगी प्रवास हा चैनीच्या सदरात गेला. काही काळ तर परदेशी निघालेल्या सामान्य प्रवाशाच्या हाती अवघे तीन पौंड किंवा आठ डॉलर पडत. विमानतळापासून शहरात जाण्यापुरती ही रक्कम. याचा परिणाम असा झाला की, परदेशात नातेवाईक वा स्नेही असणे हीच प्रवाशाची खरी पत ठरली. यजमानाने तेथे खर्च करावयाचा व प्रवाशाने येथे यजमानाच्या आईवडिलांना रुपये द्यावयाचे, हा घरगुती व्यवहार कायद्याच्या भाषेत ‘भरपाईचे प्रदान’ ठरून गुन्हा होई. तत्त्वतः तो हुंडीहून वेगळा नव्हता. हुंडीचाच सांगाडा घेऊन वाढलेली हवाला पद्धती करचुकवेगिरी व तस्करी यांच्याशी जोडली गेली, म्हणून तिच्यावरील बंदी समर्थनीय आहे. तथापि आजारी नातलगासाठी परदेशात पैसे भरणारा आणि सोन्याचा तस्कर यांना त्या काळच्या कायद्याने एकाच पंक्तीस बसविले, ही त्याची उणीव म्हणावी लागेल.

याच काळातील एक लक्षणीय प्रयोग म्हणजे हज यात्रेकरूंसाठीच्या नोटा. कुवेत, बहारीन, कतार व आसपासच्या अमिरातींत भारतीय रुपया प्रदीर्घ काळ चलन म्हणून वापरात होता. तस्करीने भारतात येणाऱ्या सोन्याची किंमत रुपयांच्या नोटांत चुकती होऊन त्या नोटा तेथील बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे पौंडांच्या मागणीसाठी येऊ लागल्या. ही गळती थांबविण्यासाठी १९५९ मध्ये आखाती प्रदेशापुरत्या वेगळ्या नोटा काढण्यात आल्या. सौदी अरेबियात जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी दहा व शंभर रुपयांच्या निराळ्या हज नोटा निघाल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे असत. मुंबईच्या बंदरातून बोटीने निघणाऱ्या यात्रेकरूला या नोटा सौदी अरेबियात रियालांत बदलता येत. भारतात त्या दैनंदिन व्यवहारात चालत नसत. त्यामुळे यात्रेकरूची सोय झाली व गळतीही रोखता आली. कुवेतने १९६१ मध्ये, बहारीनने १९६५ मध्ये व कतार आणि इतर अमिरातींनी १९६६ मध्ये आखाती रुपया सोडला. जून १९६६ मधील रुपयाचे अवमूल्यन हे त्यातील अखेरच्या बदलाचे निकटचे कारण.

आर्थिक उदारीकरणानंतर (१९९१) बंधने क्रमाने सैल झाली. १ जून २००० पासून परकीय चलन व्यवस्थापन कायदा (१९९९) लागू होऊन या क्षेत्रातील उल्लंघने फौजदारीऐवजी मुख्यतः दिवाणी स्वरूपाची झाली. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने निवासी व्यक्तीस वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविण्याची मुभा देणारी उदारीकृत योजना सुरू केली. ही मर्यादा २००७ मध्ये दोन लाखांवर गेली, २०१३ मध्ये रुपया घसरत असताना ७५,००० पर्यंत खाली आणली गेली आणि २०१५ मध्ये अडीच लाख डॉलर झाली. प्रवासखर्चही याच मर्यादेत धरला जातो. त्यातील किती भाग नोटांच्या रूपात न्यावयाचा, यावर मात्र स्वतंत्र बंधन असते.

कार्डे व रोकडयंत्रे : पहिले रोकडयंत्र (एटीएम) लंडनजवळील एन्फील्ड येथे बार्कलेज बँकेने जून १९६७ मध्ये बसविले, भारतातील पहिले यंत्र १९८७ मध्ये मुंबईत सुरू झाले. निरनिराळ्या देशांतील यंत्रे आंतरराष्ट्रीय जाळ्यांनी जोडली गेल्यावर प्रवाशाला परगावच्या सराफाकडे वा बँकेत जाण्याची गरज उरली नाही. यंत्र त्याच्या घरच्या बँकेस विचारते, बँक खात्यातील शिल्लक पाहून संमती देते, यंत्र स्थानिक नोटा देते आणि बँकांमधील हिशेब जाळ्यामार्फत नंतर पुरा होतो. दर्शनी हुंडीचेच हे रूप. शाहाची जागा गुप्त अंकाने घेतली आहे.

येथे खर्चाचे तीन थर असतात व ते प्रवाशाला सहसा एकत्र दिसत नाहीत. यंत्राची मालक असलेली परदेशी बँक दर वेळी ठरावीक शुल्क घेते. घरची बँक आपले शुल्क लावते, आणि जाळ्याने ठरविलेल्या दरावर शेकडा दोन ते साडेतीनपर्यंत अधिभार चढवते. समजा, दर वेळचे शुल्क पाच डॉलर आहे, तर पन्नास डॉलर काढणाऱ्यास ते दहा टक्के व पाचशे काढणाऱ्यास एक टक्का पडते. तुळजापूरच्या यात्रेकरूची अडचण येथे नव्या वेषात पुन्हा दिसते. थोडी थोडी रक्कम वारंवार काढण्याऐवजी एकदाच बेताची रक्कम काढावी, ती त्यासाठीच. यंत्र किंवा दुकानदार ‘रक्कम रुपयांत आकारू का’ असे विचारतो, तेव्हा नकार देऊन स्थानिक चलन निवडणे हिताचे असते. रुपयांचा पर्याय घेतल्यास दर ठरविण्याचा अधिकार समोरच्या पक्षाकडे जातो आणि तो दर बहुधा महाग असतो. पतकार्डावर (क्रेडिट कार्डावर) रोकड काढणे टाळावे, कारण खरेदीप्रमाणे येथे बिनव्याजी मुदत मिळत नाही. व्याज त्याच दिवसापासून चालू होते. आधी रक्कम भरून घेतलेल्या परकीय चलन कार्डाचा दर भरणा केला त्या दिवशीच निश्चित होतो. रुपया पुढे घसरला तर त्यात लाभ, वधारला तर तोटा. बेताच्या खर्चाने प्रवास करणाऱ्यास निश्चितीचे मोल अधिक असते.

भारतीय प्रवाशाने लक्षात ठेवावयाची आणखी एक गोष्ट म्हणजे, रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशानुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू करून दिले जाते. परदेशातील वापराची सोय ग्राहकाने स्वतः चालू करून घ्यावी लागते. ही तजवीज फसवणूक रोखण्यासाठी चांगली आहे, परंतु निघण्यापूर्वी ते न केल्यास खात्यात पैसे असूनही परक्या विमानतळावर हात रिकामे राहतात. भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सांकेतिक अंकावाचून व्यवहार पुरा होत नसेल, तर घरचा क्रमांक परदेशात चालू ठेवणे हाही द्रव्यव्यवस्थेचाच भाग ठरतो.

नोटा बदलून घेताना खरेदी आणि विक्री या दोन दरांतील अंतर पाहावे. ‘दलाली नाही’ अशी पाटी असलेल्या पेढीत हे अंतर मोठे असू शकते. नोटांचा दर कार्डाच्या दरापेक्षा सहसा महाग असतो, कारण नोटा प्रत्यक्ष आणाव्या, सांभाळाव्या व त्यांचा विमा उतरावा लागतो. विमानतळावरील पेढ्यांना जागेचे भाडे व गरजू ग्राहक या दोन्हींमुळे दर चढा ठेवता येतो. घरून निघण्यापूर्वी अधिकृत बँकशाखेतून पहिल्या दोन दिवसांपुरत्या नोटा घेणे हा मध्यम मार्ग होय.

शेजारी देशांत रुपया चालतो, या भरवशावर राहणे धोक्याचे ठरू शकते. नेपाळमध्ये भारतीय नोटा सर्रास स्वीकारल्या जात. परंतु नोव्हेंबर २०१६ मध्ये भारताने पाचशे व हजार रुपयांच्या जुन्या नोटा रद्द केल्या, तेव्हा नेपाळमधील बँकांत व लोकांकडे असलेल्या अशा नोटा अडकून पडल्या. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. पशुपतिनाथ व मुक्तिनाथ यांच्या यात्रेला जाणाऱ्यांना तेव्हा शंभराच्या नोटांची पुडकी बरोबर घ्यावी लागली. अशा मर्यादा वेळोवेळी बदलतात. म्हणून निघताना बँकेकडून चालू नियम विचारून घेणे आवश्यक असते. भ्रमणध्वनीवरून थेट खात्यातून पैसे देण्याची भारतीय यूपीआय पद्धती भूतान (२०२१), श्रीलंका व मॉरिशस (२०२४) आदी देशांत काही ठिकाणी चालू झाली आहे. तिच्यामुळे रोकड लागण्याचे प्रसंग कमी होतात. रोकड मात्र तिच्यामुळे मिळत नाही.

चोरी वा अपघाताने सर्व साधने एकदमच गेल्यास पैसे पाठविणाऱ्या कंपन्यांमार्फत घरून रक्कम मागविता येते. पैसे घेणाऱ्यास पारपत्र दाखवावे लागते. पारपत्रही गेले असल्यास भारतीय वकिलात हाच आधार. संकटग्रस्त भारतीयांच्या साहाय्यासाठी २००९ मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी स्थापन करण्यात आला असून निवास, औषधोपचार व परतीचा प्रवास यांसाठी वकिलाती त्यातून गरजूंना मदत करतात.

भारतात परतताना ५,००० डॉलरहून अधिक मूल्याच्या परकीय नोटा, किंवा नोटा व धनादेश मिळून १०,००० डॉलरहून अधिक रक्कम जवळ असल्यास ती सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे घोषित करावी लागते. प्रवासातून उरलेले परकीय चलन १८० दिवसांच्या आत अधिकृत विक्रेत्यास परत द्यावयाचे असते. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा वा धनादेश पुढील उपयोगासाठी ठेवता येतात. नाण्यांना ही मर्यादा लागू नाही. चलनबदल करणाऱ्या पेढ्याही नाणी सहसा परत घेत नाहीत.